गुडघ्याच्या गादीचा सौदा

जालन्याच्या एका हाडाच्या डॉक्टरनं मला फसवलं. त्यानं पहिल्याच बोलीत खरं सांगितलं.

हे वाचून कुणाला हसू येईल. येऊ द्या. घरचे, बाजारातले, पाव्हणेरावळे सगळे हसून मोकळे झालेत. पण ज्या माणसानं उभी हयात बैलबाजारात काढली, त्याच्याशी असं वागणं बराबर आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

मी हेडी. म्हणजे बैल घेणारा आणि विकणारा. आमच्या घरात हा धंदा कुणी केला नव्हता. बाप दुसऱ्याची जनावरं राखायचा. त्या जनावरांमागं फिरता फिरता मी बैल ओळखायला शिकलो आणि पुढं माणसं. बैल सोपा असतो, त्याचे दात बघता येतात. माणसाचे दात बघायला गेलं की तो चावतो. मंठ्यापासून कुंभार पिंपळगावापर्यंत माझ्याशी सौद्याला बसणारा आधी तांब्याभर पाणी पिऊन घेतो, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवलेली होती, पण खोटी नव्हती.

आमचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात एका रुमालात, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि तोंडानं भलतंच काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. बाकीचे हेडी उभ्याउभ्याच रुमाल टाकतात. मी नाही. मी समोरच्याला दोन बैलांच्या मधल्या सावलीत खाली बसवायचो, उकिडवं. कारण उकिडवं बसून माझ्याइतका वेळ कुणाचाच निघत नाही. भाव अडला की मी गप्प. तंबाखू नाही, चहा नाही. जरा वेळानं समोरच्याच्या पायाला मुंग्या येतात. तो या पायावरचा भार त्या पायावर घेतो, त्या पायावरचा या पायावर. मग रुमालातलं त्याचं बोट ढिलं पडतं. माणूस भावाला हरत नाही, पायाला हरतो. माझी जमीन, स्लॅबचं घर, दारातली पिकअप, सगळं त्या बैठकीतून आलंय. लोक डोक्यानं पुढं जातात म्हणे. मी गुडघ्यानं पुढं गेलो.

आणि तोच गुडघा गेला.

पोळा होऊन गेला होता. वाटूरच्या फाट्याजवळ मी पिकअपमधून एक चार दाती, म्हणजे ऐन जवान, बैल उतरवून गिऱ्हाइकाला दाखवत होतो. गिऱ्हाईक परतूरकडचा, बारीक डोळ्यांचा. त्यानं विचारलं, "गरीब हाय ना?"

"गरीब? अवो, ह्याचा कासरा लेकराच्या हातात द्या. लेकराला शाळंत सोडून माघारी यील."

एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण माझ्या अंगात माल विकायची मस्ती. मी कासरा मनगटाला गुंडाळला आणि बैलाकडं पाठ करून, पोट पुढं काढून, नवरदेवासारखा चालायला लागलो. तेवढ्यात मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. बैलानं हिसका दिला. माझा पाय चाकोरीत रुतलेला. अंग फिरलं, पाय फिरला नाही. गुडघ्यात वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला, आणि मी आडवा.

बैल लगेच शांत झाला. माझ्याकडं बघत रवंथ करायला लागला. गिऱ्हाइकानं एकदा बैलाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"बैल गरीबच दिसतोय," तो म्हणाला. "मालक जरा भडक हाय."

आणि मी जमिनीवर असतानाच त्यानं रुमाल काढला. पडलेल्या माणसाशी सौदा करू नये, असा एक चांगला विचार त्या दिवशी माझ्या मनात आला. तो आधी आला असता तर मी आयुष्यात निम्मे बैल घेतलेच नसते.

गुडघा भोपळ्याएवढा सुजला. मिठाचा शेक झाला, हळद-तेल झालं. सूज उतरेना तेव्हा बायकोनं मला पिकअपमध्ये घालून जालन्याला नेलं. डॉक्टर तरुण होता. चष्मा, बारीक आवाज. एमआरआयचे फोटो उजेडाला लावून म्हणाला, "काका, गुडघ्याच्या आतला मोठा लिगामेंट तुटलाय. पण दोन्ही गाद्या शाबूत आहेत. नशीबवान आहात."

मला नशीबवान म्हणणारा माणूस मला काहीतरी विकतोय, हे मी शेंबडा होतो तेव्हापासून ओळखतो.

मी विचारलं, "गाद्या म्हंजे?"

त्यानं टेबलावरचा प्लॅस्टिकचा गुडघा उचलला. वरचं हाड, खालचं हाड, आणि मधे चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या. म्हणाला, "ही मधली दोरी म्हणजे तुमचा तुटलेला लिगामेंट. ती वरच्या-खालच्या हाडांना जागेवर धरते. दोरी तुटली की हाडं घसरतात, आणि घसरली की ह्या गाद्या मधे सापडतात. आज त्या चांगल्या आहेत. किती दिवस चांगल्या राहतील, ते काही गोष्टींवर अवलंबून आहे."

"बोला."

"एक म्हणजे वेळ. सूज उतरली, पाय नीट वाकायला लागला, की ऑपरेशन करून दोरी नवी बसवून घ्या. तीन महिन्यांच्या पुढं नेऊ नका. जितका उशीर, तितका गादी फाटायचा धोका."

मी मनात हिशोब केला. हा तीन महिने म्हणतोय, म्हणजे वर्ष निघतंय.

"तोवर गुडघा सटकू द्यायचा नाही. दर सटक्याला गादीवर घाव बसतो."

"कितीदा सटकलेला चालंल?"

"एकदाही नाही."

म्हणजे पाच-सातदा चालेल.

"वजन कमी करा. दहा किलो तरी."

"पाच करतो."

"ते मला नका सांगू काका, गुडघ्याला सांगा."

मी म्हणालो, "बरं, माझ्या हाडातच काही खोट हाय का?" हा माझा बाजारातला प्रश्न. समोरच्याला वाटतं आपण पडती बाजू घेतोय.

"खालच्या हाडाचा उतार जरा जास्त आहे. तो जन्मतःच असतो. आणि पुरुषांमध्ये, तुमच्यासारखं अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांमध्ये, दोरी तुटल्यावर गादी फाटणं जास्त बघायला मिळतं."

"म्हंजे हाडाचा उतार माझ्या हातात न्हाई. पुरुष जन्मलो ते बी माझ्या हातात न्हाई. ह्या दोन गोष्टी वजा करा."

बायकोनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "काका, ह्यात वजा करण्यासारखं काही नाही. हे सगळं एकावर एक चढतं. आणि मुख्य म्हणजे उकिडवं बसणं आजपासून बंद."

इथं माझं डोकं तापलं. वजन, वेळ, ते ठीक आहे. पण हा माणूस सरळ माझ्या धंद्यावर आला. बैल घेताना पहिली बोली बैलाच्या सगळ्यात चांगल्या गुणालाच नावं ठेवणारी असते, म्हणजे मालकाचा धीर सुटतो. मी स्वतः तसंच करतो. मी ओळखलं, हा कच्चा नाही.

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. उठलो. "बघतो," म्हणालो, आणि दाराकडं निघालो. सौदा मोडून निघालेला माणूस हळू चालतो, म्हणजे समोरच्याला हाक मारायला सवड मिळते. मला वेगळं हळू चालायची गरज नव्हती, लंगडतच होतो. दारात थांबलो. चपलेचा अंगठा उगीच नीट केला.

मागं घंटी वाजली. "पुढचा पेशंट पाठवा," डॉक्टर म्हणाला.

गाडीत बायको म्हणाली, "अवो, तो बैल इकून राह्यला का? तुमचा पाय सांगून राह्यला तुम्हाला."

"तू गप बस. चार दिवसांनी फोन येतो का न्हाई बघ."

आणि फोन आला! दवाखान्यातल्या पोरीचा. "काका, ऑपरेशनचं काय ठरलं? सर विचारत होते." मी बायकोकडं असं पाहिलं, की जणू काही मी जिल्हा परिषद जिंकलो. गिऱ्हाइकाच्या मागं येणारा माल कधी महाग असतो का? मी पोरीला म्हणालो, "इचार करून राह्यलो, सांगतो." आणि ठरवलं, आता जितकं थांबू तितका हा खाली येईल. काही दिवसांनी पुन्हा फोन आला. माझा भरवसा वाढला. मी उचललाच नाही. त्यानंतर फोन आला नाही. मला वाटलं, ही त्याची चाल आहे.

सूज उतरली होती. सपाट रस्त्यानं मी चांगला चालत होतो. डॉक्टरनं गुडघ्याला बांधायला पट्टा दिला होता, तो मी घरातल्या घरात बांधायचो. बाजारात पट्टा बांधून गेलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की ह्या हेड्याचं स्वतःचंच जनावर लंगडं आहे. मग रुमालात माझं बोट कोण जुमानणार? मांडीची ताकद वाढवायचे व्यायाम सांगितले होते. ते बायको समोर असली की करायचो, ती चुलीकडं वळली की पाय खाली.

दिवाळीच्या सुमारास गुडघा पहिल्यांदा सटकला. बांधावरून उतरत होतो, आणि मांडीखालचा पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पुढं सरकला. मी ज्वारीत बसलो. कुणी पाहिलं नाही हे पाहून उठलो. म्हटलं, एक खेप झाली, अजून चार-सहा शिल्लक आहेत. पुढं हुरड्याच्या दिवसात मळ्यात सटकला. मग एका लग्नात, पंगतीतून उठताना, हातात जिलबीचं ताट घेऊन. व्याह्यांच्या अंगावर पाक सांडला. पाव्हणे म्हणाले, "शेठनं आज लईच घेतलेली दिसते." मी माळकरी माणूस. पण लंगडा म्हणवून घेण्यापेक्षा पिलेला म्हणवून घेतलेलं परवडतं, म्हणून मी डोलून दाखवलं. बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "वजन दोन किलो वाढलंय तुमचं. डॉक्टरला अजून किती खाली आणायचंय?"

खरं सांगायचं तर तोवर मलाही जरा भीती वाटायला लागली होती. पण भीती वाटली म्हणून भाव मान्य केला तर मी हेडी कसला?

पाडवा झाला. उन्हाळ्यात आमच्या धंद्याला जोर असतो. मंठ्याच्या बाजारात लालकंधारी बैलांची एक जोडी आली. एका रंगाची, एका उंचीची, शिंगं जणू एकाच हातानं वळवलेली. मालक कुंभार पिंपळगावाकडचा जुना हेडी, माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच हलकट. आमचं आयुष्यभराचं वैर म्हणजे एक प्रकारची दोस्तीच. माझी जनावरं त्याला पाहिजे होती, त्याची मला. अदलाबदल आणि वर काही रक्कम त्यानं द्यायची, असं चाललं होतं. मी त्याला नेहमीसारखा सावलीत घेतला, खाली बसवला, रुमाल टाकला आणि गप्प झालो.

तोही गप्प. ऊन सरकलं. त्यानं पाय बदलला. मी नाही बदलला. त्यानं पुन्हा बदलला. मला आतून गुदगुल्या होत होत्या. आता ह्याचं बोट ढिलं पडणार, म्हणून मी जरासा पुढं झुकलो, आणि गुडघ्यात काहीतरी कट्‌कन अडकलं.

मी पाय सरळ करायला गेलो. होईना. दाराच्या फटीत खडा अडकावा तसं. जोर लावला तर डोळ्यांपुढं काजवे. माझ्या तोंडातून जे निघालं ते मला मोठ्या नातवंडांपुढंही सांगता येणार नाही.

समोरचा हसला. "मामा, नाटक बंद करा. वरडून भाव वाढत नस्तो."

"अरे, पाय... पाय अडकला माझा!"

"अडकू द्या. म्या न्हाई वाढवत."

मी घामानं भिजलो. डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूचे चार हेडी गोळा झाले आणि कौतुकानं बघायला लागले. एक म्हणाला, "काय कला हाय! हुबेहूब!" समोरच्यानं माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "बरं बाबा, जीव नका देऊ. घ्या." आणि रुमालात अजून एक बोट दाबलं.

माझं डोकं दुखण्यानं फिरलेलं होतं, पण बोट कळलं. मी तसाच रडत त्याचा हात दाबला. सौदा पक्का झाला. मग ओरडलो, "आता तरी उचला रे, माकडांनो!"

मला उचललं ते बसल्या आकारातच. पाय उघडेना, म्हणून दोघांनी काखेत धरून गणपतीसारखं पिकअपमध्ये ठेवलं, आणि जागा नव्हती म्हणून त्या लालकंधारी जोडीच्या मधे. मंठ्याहून जालन्यापर्यंत ते दोघं माझ्या डोक्यावर श्वास सोडत आले.

डॉक्टरनं फोटो उजेडाला लावले. ह्या वेळी त्यानं मला नशीबवान म्हटलं नाही.

"आतली गादी बादलीच्या कडीसारखी फाटून पलटी झालीय. ती मधे अडकली म्हणून पाय लॉक झाला. कडा पण कुरतडल्यासारख्या झाल्यात, म्हणजे हे एका दिवसाचं नाही. कितीदा सटकला होता?"

"पाच-सात." मी हळूच म्हणालो.

"शिवता येईल तेवढी शिवतो. जी चिंधी झालीय, तिच्यात टाका धरणार नाही, ती कापावी लागेल. लिगामेंट नवा बसवू. तेव्हा आला असतात, तर बहुतेक गादीला हातही लावावा लागला नसता."

माझा पारा चढला. "मंग तेव्हाच नीट का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं काका."

"एकदाच सांगितलं!"

"किती वेळा सांगायला पाहिजे होतं?"

"तुम्ही तीन महिने म्हणले. आमच्याकडं तीन म्हणणाऱ्याला सहा माहीत असतात. तुम्हाला तीनच म्हणायचे व्हते तर एक म्हणायचं! मी घासून तीनावर आणले असते!"

बायको भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रडत असेल असं मला आधी वाटलं.

ऑपरेशन झालं. नवी दोरी माझ्याच मांडीतली काढून बसवली. गादीचा एक तुकडा गेला. महिनोन् महिने फिजिओच्या पोरीनं मला पाय उचलायला लावले, आणि तिच्याशी मी घासाघीस केली नाही. तिनं वीस म्हटलं की वीस. वजन कमी झालं. आता मी चालतो, जिना चढतो, पिकअप चालवतो. पाय सटकत नाही.

पण बाजारात मी आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर असतो. पहिल्या दिवशी खुर्ची मांडली तेव्हा त्या कुंभार पिंपळगाववाल्यानं लांबून हाक दिली, "सरका रे, तहसीलदार आले! सातबारा काढून घ्या!" हसणं मी सोसलं. पण खुर्चीवरून खाली बसलेल्याच्या हातावर रुमाल पुरत नाही, आणि समोरच्याला उभं ठेवून भाव करायला गेलो तर माझ्या हातात काही डावच उरत नाही. उभ्या माणसाच्या पायाला मुंग्या येत नाहीत. तो दिवसभर उभा राहतो, आणि खुर्चीवर बसून माझंच बूड दुखायला लागतं. पोरं म्हणतात, आता बस झालं, घरी बसा. घरी बसायला मला सोफा आहे. मला बैलांच्या मधली ती एक बैठक पाहिजे.

परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरला शेवटचं विचारलं. "रोज न्हाई. फक्त बाजारच्या दिवशी. तेबी अर्धंच बसतो."

"नाही काका. जी गादी उरलीय, ती आयुष्यभर पुरवायचीय."

मी चिडून बाहेर येऊन बाकावर बसलो. माझ्यामागून आत गेलेला माणूस थोड्या वेळानं बाहेर आला. माझ्याहून लहान, एक पाय ताठ, बुटाला काळी माती. दारातून निघाला तो अगदी सावकाश. जिन्यापाशी थांबला, मागं पाहिलं, कॉलर नीट केली. आतून घंटी वाजली. ती चाल मी आंधळा झालो तरी ओळखीन.

मी उठलो आणि त्याला आडवा गेलो. "दोरी तुटली ना?"

"व्हय म्हणं."

"आणि गादी?"

"गादी चांगली हाय म्हणला. नशीबवान हाव म्हणला." आणि मला समजेल अशा बेतानं त्यानं एक डोळा बारीक केला.

"बाबा, मागं फीर. आजच तारीख घे. हा डॉक्टर पहिल्याच बोलीत खरं बोलतो. माझा पाय बघ, मी ह्यातून गेलोय."

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, जसा मी चार दाती म्हणून आठ दाती खपवायला आणलेला बैल पाहतो तसं. मग जवळ येऊन, खालच्या आवाजात, आपल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "तुम्हाला ह्यात किती सुटतात?"

"आईची शपथ घेतो!"

"ती तर म्या बी बाजारात घेतो," तो म्हणाला आणि कठडा धरून, एकेक पायरी, खाली उतरला. मी वरून ओरडत राहिलो. नर्स येऊन म्हणाली, "काका, हळू. दवाखाना आहे."

तर आता माझं डॉक्टरला विचारणं आहे. तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला मान्य. पण समोर कोण बसलंय ते बघून बोलायचं असतं. साड्यांच्या दुकानदारालाही एवढं कळतं, तो दारावर पाटी लावतो: इथं एकच भाव. तुमच्या दारावर तुमच्या डिग्र्या आहेत, ही पाटी नाही. माझी बैठक गेली. त्या काळ्या मातीच्या बुटवाल्याची कसली बैठक आहे, शेतातली आहे की देवघरातली, मला माहीत नाही, पण तीही जाणार, कारण तो आत्ता घरी बसून तुमच्या फोनची वाट बघतोय आणि फोन आला की उचलणार नाही. दारापर्यंत गेलेल्या माणसाला मागून एक हाक मारली असती तर तुमचं काय कमी झालं असतं? याचं उत्तर मला पाहिजे. तोंडावर पाहिजे, आणि पहिल्याच बोलीत पाहिजे.